सासूबाईंच्या सौनातली रायफल

आमच्याकडे, म्हणजे मिशिगनच्या पार उत्तरेच्या टोकाला, नोव्हेंबरात ज्या पुरुषाच्या हातात बंदूक नसते त्याला लोक तब्येत विचारतात. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झालेला असतो. न्हावी, दंतवैद्य, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, सगळे केशरी जाकिटं घालून जंगलात. मी मात्र जन्मात एकही हरीण मारलेलं नाही. एकदा एक हरीण माझ्या गाडीपुढे आलं होतं, तेव्हा खड्ड्यात मी गेलो. हरीण बराच वेळ रस्त्यावर उभं राहून माझ्याकडे बघत होतं. त्याच्या डोळ्यांत जी काळजी होती तशी नंतर गॅरेजवाल्याच्या डोळ्यांतही दिसली नाही.

अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर रायफल घ्यायची ठरवली म्हटल्यावर गावात चर्चा होणारच. पण माझी रायफल मारण्यासाठी नव्हती, जपण्यासाठी होती. हा फरक मी अनेकांना समजावून सांगितला. शेजारच्या वेस्ली ट्रेलोरनं तर तो तीनदा समजावून घेतला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे गाय पाळायची, पण दूध काढायचं नाही. असंच ना?"

वेस्ली हा निवृत्त प्लंबर. नळाच्या तोंडाशी उभं राहून लोकांना पाणी कसं वाहतं ते सांगण्यात त्याची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर हा छंद त्यानं इतर विषयांतही वाढवला.

खरा दोष ब्रूनो वेरेटीचा. ब्रूनो आमचा न्हावी. त्याच्या दुकानात आरशाच्या वर जुन्या लष्करी रायफली ओळीनं टांगलेल्या आहेत. लढाया संपल्या, सैन्यांनी माल मोडीत काढला, तो फिरत फिरत ब्रूनोच्या भिंतीवर आला. एकदा माझे निम्मे केस कापून झाल्यावर त्यानं कात्री ठेवली आणि एक रायफल माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"फिनलंडची आहे. तुझ्या आजोबांच्या मुलखातली," तो म्हणाला. "दस्ता बघ. बर्चचं लाकूड."

मी बघितलं. लाकडात मधासारख्या लाटा होत्या. आमच्या घराण्यात आजोबांनी आणलेली फिनिश वस्तू म्हणजे फक्त आडनाव, आणि तेही लोकांना नीट लिहिता येत नाही. मी दस्त्यावरून हात फिरवला आणि माझं काय व्हायचं ते झालं. उरलेले निम्मे केस कापायचे राहून गेले हे घरी व्हर्नानं सांगितलं. व्हर्ना म्हणजे माझी बायको.

आता परवाना. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाला सरकार वेगळा परवाना देतं. मग रायफल सरळ पोस्टानं घरी येते. मी स्वतः जमीन-नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. उभं आयुष्य लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेलेलं, त्यामुळे अर्ज कसा भरावा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त नियमाप्रमाणे अर्जाची एक प्रत शेरिफला द्यावी लागते. आमचा शेरिफ डेल्बर्ट सज्जन माणूस आहे. त्यानं प्रत घेतली, वाचली, माझ्याशी हात मिळवला आणि कुणाला सांगणार नाही म्हणाला. पण त्याची बायको व्हर्नाच्या शेजारी उभी राहून चर्चमध्ये गाते. मी घरी पोचेपर्यंत बटाटे उकडून झाले होते आणि व्हर्ना हाताची घडी घालून उभी होती.

"बंदूक?" ती म्हणाली. "आर्लन, तू उंदराच्या सापळ्याला हात लावायला मला बोलावतोस."

"ही ऐतिहासिक वस्तू आहे."

"ऐतिहासिक वस्तू तळघरात भरपूर आहेत. तुझी स्कीइंगची पॅन्ट आहे."

परवाना आला, पण 'माटा' या नावानं. आमचं आडनाव मात्ता. इंग्रजीत लिहिताना ए दोनदा आणि टी दोनदा. ज्या कंपनीकडे मी ब्रूनोकडच्यासारखीच रायफल मागवली होती ती म्हणाली, नाव जुळत नाही, माल पाठवणार नाही. मी परवाना कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज मला फार ओळखीचा वाटला. प्रत्यक्ष ओळख नव्हती, पण माझ्या खुर्चीत बसून मी याच आवाजात बोलतो.

"आपल्या नावात अक्षरं चुकून दोन-दोनदा पडली होती," त्या म्हणाल्या. "आम्ही दुरुस्त केली."

"बाई, ती चूक नाही. ते आमचे आजोबा आहेत."

"मग आजोबांचा पुरावा पाठवा."

मी फोन ठेवला. आमच्या कार्यालयात आलेल्या कुणाकुणाला मी हेच वाक्य ऐकवलं असेल ते आठवत बसलो. असो. आजोबा पाठवले. ते मंजूर झाले. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पहिला जाड बर्फ पडला त्याच दिवशी, लांबलचक खोका दाराशी आला.

खोका मी स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडला. आत ब्रूनोकडच्या रायफलीसारखं काहीच नव्हतं. तपकिरी, चिकट, ओघळून थिजलेल्या गोळ्यातून कुठे कुठे रायफलीचा आकार डोकावत होता. कुणीतरी काठी काकवीच्या पिंपात बुडवून पन्नास वर्षं विसरून जावी तसं ते दिसत होतं. वास असा, की आमच्या मांजरानं जाग्यावरच पाठ फिरवली आणि दोन दिवस वेस्लीकडे मुक्काम केला.

ते ग्रीस. गंज लागू नये म्हणून सैन्य रायफली ठेवणीत टाकताना असं फासतं. ब्रूनोनं आधीच बजावलं होतं, "पॉलिश कागद लावशील तर तोंड दाखवू नकोस. घासायचं नाही, खरवडायचं नाही. हळूहळू ऊब द्यायची. ग्रीस आपणहून सुटतं. काळ्या पिशवीत गुंडाळायची आणि कडक उन्हात ठेवायची."

मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे कडक ऊन जुलैत येतं, तेही काही वर्षी.

मग सल्ले सुरू झाले. वेस्ली म्हणाला, उकळतं पाणी. पोस्टमन म्हणाला, मांजराच्या शीच्या पेटीतली वाळू, ती तेलकट सगळं शोषते. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या दिरानं रायफल भांडी धुण्याच्या यंत्रात घातली होती. दिराचं लग्न त्यानंतर किती टिकलं हे मी विचारलं, तर त्या फायली चाळायला लागल्या.

मी वेस्लीचं ऐकलं. रायफल न्हाणीतल्या टबात ठेवली आणि किटलीमागून किटली उकळतं पाणी ओतलं. ग्रीस सुटलं, हे मान्य केलं पाहिजे. पाण्याबरोबर वाहत खाली गेलं, पाइपात थंड झालं आणि तिथे पुन्हा थिजलं. टब भरून राहिला. पाइप मोकळा करायला वेस्लीलाच बोलवावं लागलं. तो गुडघ्यावर बसून, हातभर तार आत घालून, खुशीत म्हणाला, "उकळतं पाणी ओतलंस होय? कुणी सांगितलं तुला?"

नंतर मी व्हर्नाचा केस वाळवायचा ड्रायर वापरला. त्याविषयी मी इथे जास्त लिहीत नाही. तो नवा घेतला. रायफल मात्र अजून होती तशीच होती, फक्त आता जिकडेतिकडे पसरली होती. दारांच्या मुठी, टेलिफोन, माझा चष्मा, रविवारचा कोट, सगळ्याला तिचा अंश लागला होता. व्हर्ना मला शांतपणे म्हणाली, "या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी." क्षणभर मी काहीच बोललो नाही. तो क्षण मला पुढे फार महागात पडला.

आणि मला सौना आठवला.

सौना सासूबाईंचा. सासूबाई, सायमी, आमच्या घरामागेच राहतात. त्यांच्या अंगणात सासऱ्यांनी स्वतः देवदाराचे ओंडके तासून बांधलेली ती वाफेनं न्हायची खोली. आत लाकडावर पेटणारी भट्टी, भट्टीवर दगड, दगडांवर पाणी मारलं की वाफ, आणि बसायला पायरीपायरीनं चढत गेलेले बाक. दर शनिवारी आम्ही सगळे तिथे जातो. आधी बायका, मग पुरुष, मग कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. सासरे, उर्हो, जाऊन सहा वर्षं झाली, पण वरच्या बाकावरच्या त्यांच्या कोपऱ्यात अजून कुणी बसत नाही. त्या खोलीत मोठ्यानं बोलत नाहीत, शिव्या देत नाहीत आणि भांडत नाहीत. चर्चमध्ये यातल्या निदान दोन गोष्टी चालतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी विचार केला की ऊब हळूहळू, उन्हासारखी, चहूबाजूंनी मिळणारी दुसरी जागा या टापूत नाही. गुरुवारी सासूबाई चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला जातात. दुपारभर सौना रिकामा. खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, रायफल वरच्या बाकावर तारेनं टांगायची, मंद जाळ करायचा. त्या यायच्या आत सगळं पुसून घ्यायचं. योजना इतकी निर्दोष होती की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिला तासभर तर माझ्या आयुष्यातला एक उत्तम तास होता. ग्रीस मेणासारखं पाझरू लागलं आणि त्याच्या आतून बर्चचं लाकूड वर आलं. त्याच मधाच्या लाटा. मी अंगातला शर्ट काढून, घामाघूम होऊन, तिच्याकडे बघत बसलो होतो. मग भट्टीत आणखी दोन लाकडं सारली आणि वारा खायला बाहेर आलो. कुंपणाशी वेस्ली उभा होता.

वेस्लीशी बोलणं थोडक्यात आटपत नाही. मी उघड्या अंगानं बर्फात का उभा आहे हे त्याला सांगता सांगता विषय पाइपांवर गेला, पाइपांवरून त्याच्या गुडघ्यावर. तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "मात्ता, तुझ्या सासूबाई सौनात माशांना धुरी देतात का?"

सौनाच्या दारातून तपकिरी धूर येत होता. वर्तमानपत्रं भिजून ग्रीस बाकांच्या फटींतून ओघळलं होतं आणि थेट भट्टीच्या दगडांवर पडत होतं.

मी दाराकडे धावलो. वेस्ली टेलिफोनकडे धावला. वेस्ली गावच्या अग्निशामक दलाचा सभासद आहे हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. बंब आला तेव्हा त्यावर ब्रूनो होता, गळ्याला गिऱ्हाइकाचं फडकं अडकवलेलं. मागून शेरिफ डेल्बर्टची गाडी. सगळे नळ्या घेऊन दाराशी सरसावले आणि वेस्ली ओरडला, "जपून रे! आत बंदूक आहे!"

"भरलेली?" डेल्बर्टनं विचारलं.

"नाही हो, रिकामी आहे!" मी म्हणालो.

त्याच क्षणी भट्टीतल्या ओल्या लाकडाची गाठ फुटली. फाट्! असा आवाज झाला. गावाचं अग्निशामक दल आणि कायदा-सुव्यवस्था एकाच वेळी बर्फात पालथी पडली. मीही पडलो. मला ठाऊक होतं की रायफल रिकामी आहे, पण सगळे पडल्यावर एकट्यानं उभं राहणं बरं दिसेना.

आम्ही तसे पडलेले असताना अंगणात गाडी थांबली. सासूबाई उतरल्या. मागून गोधडीच्या पिशव्या घेऊन चर्चच्या चार बायका. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मी उघडाच होतो. माझ्या पोटाखालचा बर्फ वितळत होता.

"सायमीबाई, आत जाऊ नका!" डेल्बर्ट जमिनीवरूनच म्हणाला.

त्या त्याला वळसा घालून गेल्या. दारापाशी थांबल्या. नाकानं हवा ओढली, एकदा, पुन्हा एकदा. आणि तोंडावर रुमाल न धरता आत गेल्या.

त्या लवकर बाहेर येईनात. धूर निवळायला लागला होता, जाळ असा नव्हताच. मी उठून दाराशी गेलो. सासूबाई खालच्या पायरीवर कोट-टोपीसकट बसल्या होत्या. रायफल मांडीवर, तळवे तपकिरी, आणि डोळ्यांतून पाणी.

"आई, मी सगळं नीट करून देतो," मी म्हणालो. "एकूण एक फळी बदलतो."

"धूर आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यात गेलाय." रायफल माझ्या हातात दिली, बाहेर आल्या आणि घराचं दार लावून घेतलं.

ते दार लागल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. त्याआधी त्या माझ्यावर ओरडल्या होत्या, हसल्या होत्या, एकदा मला लाकूडफाट्याच्या गाड्यावरून खाली उतरायला लावलं होतं. पण तोंडावर दार कधी लावलं नव्हतं. व्हर्ना संध्याकाळी सगळं ऐकून रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "तिथे बाबा बसायचे रे." मला जेवण गेलं नाही. रायफल गॅरेजात गोणपाटाखाली पडून राहिली. तिच्याकडे बघवेना.

त्या शनिवारी, लग्नानंतर पहिल्यांदा, सौना पेटला नाही. गावात कुणाकडे मयत झालंय का, असं दोघांनी मला विचारलं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी देवदाराच्या नव्या फळ्या गाडीवर बांधून सासूबाईंकडे गेलो. वेस्लीही आला, न बोलावता, करवत घेऊन, आणि नवल म्हणजे काही न बोलता. आम्ही खालचे दोन बाक काढले. भट्टीचे दगड बाहेर नेऊन घासले. मग मी वरच्या बाकावर चढलो. ग्रीस सगळ्यात जास्त तिथेच मुरलं होतं, उर्होंच्या कोपऱ्यात. मी पटाशी लावली आणि स्वतःवरचा सगळा राग त्या ग्रीसवर काढला.

"कोण्या गाढवानं एवढं थापलं असेल हे?" मी पुटपुटलो. "कुठे काही माप असतं की नाही?"

"माप होतं," मागून आवाज आला. "बोटभर जाड. मी दोन बोटं लावायची."

दारात सासूबाई उभ्या होत्या. वेस्लीनं डोक्यावरची टोपी काढली.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"लढाई संपली तेव्हा मी वीस वर्षांची होते. फिनलंडात सैन्याच्या डेपोत आम्ही पोरीच होतो कामाला. रायफली यायच्या ट्रक भरभरून. आम्ही पुसायचो, ग्रीस फासायचो, पेटीत घालायचो. दोन हिवाळे." त्या आत येऊन बसल्या. "हीच मी फासली असेल असं नाही. हजारो होत्या. पण वास हाच. अंगाला, केसांना, पावाला, सगळ्याला हाच वास."

"पण दोन बोटं का?"

"आमचा एरो लढाईत गेला होता ना. माझा भाऊ. मी म्हटलं, पुन्हा कुणाला ही उचलायची हुक्की आली, तर बसू दे त्याला अर्धा दिवस खरवडत. अर्ध्या दिवसात माणसाचा राग उतरतो."

मी पटाशी खाली ठेवली. "आई, माझा महिना गेला."

"मग माझं काम चोख होतं," त्या म्हणाल्या, आणि त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा हसल्या.

वेस्लीनं विचारलं, "मग हे काढायचं कसं, तेही शिकवलं असेल ना तुम्हाला?"

"छे! आम्हाला फक्त लावायला शिकवलं. काढायची वेळ येऊ नये, असंच सगळ्यांना वाटत होतं."

मग त्या म्हणाल्या, "उर्हो ट्रक चालवायचा. पेट्या न्यायला यायचा. बाकीची पोरं आमच्यापासून लांब पळायची, वासामुळे. हा जवळ येऊन उभा राहायचा. एक दिवस म्हणाला, सायमी, तुला कधी गंज चढायचा नाही. मागणी घालायची ही काय रीत झाली? पण मी हो म्हटलं." त्यांनी वरच्या बाकावरून हात फिरवला. "हा काढू नकोस, आर्लन. खालचे बदल, लोकांना बसायचं असतं. हा राहू दे."

मी गॅरेजात जाऊन रायफल आणली. गोणपाट काढलं. सौनातल्या उबेनं ती बरीच मोकळी झाली होती, लाकूड उजेडात चमकत होतं. मी ती त्यांच्यापुढे धरली. "ही तुम्ही ठेवा, आई. तुमच्या भिंतीवर लावून देतो."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"बंदूक नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "ती तुझ्या घरी ने आणि नीट जप. मला वास पुरे."

संध्याकाळी सौना पेटला. सासूबाई म्हणाल्या, आज आधी मी एकटी जाते. आम्ही सौनाच्या बाहेरच्या खोलीत टॉवेल घेऊन बसलो. आतून दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, आणि फटींतून गरम वाफेबरोबर तो वास. व्हर्नानं नाक मुरडलं. पुन्हा पाणी पडलं. मग बराच वेळ काहीच नाही. व्हर्नानं उठून दार किलकिलं केलं.

"आई, बरी आहेस ना?"

"दार लाव गं. ऊब जाते."

त्या टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या तेव्हा लालबुंद झाल्या होत्या. उघड्या पाठीवर उर्होंच्या कोपऱ्यातल्या फळ्यांचे तपकिरी पट्टे उठले होते. व्हर्ना साबण आणि टॉवेल घेऊन पुसायला पुढे झाली. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि अंगावर झगा ओढून घेतला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत असू दे. कॉफी टाक."